थायरॉइड एकटा नसतो तेव्हा

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या ताईच्या ओट्यावर प्लास्टिकची एक डबी असायची. सात कप्पे, प्रत्येकावर वाराचं नाव. रविवारी रात्रीची भांडी आवरली की ताई चष्मा लावून बसायची आणि आठवड्याभराच्या गोळ्या तिच्यात भरायची. थायरॉइडची छोटी पांढरी, लोहाची लाल, कॅल्शियमची लांबट आणि ॲसिडिटीची कॅप्सूल. सकाळी त्या दिवसाचा कप्पा तळहातावर उपडा करायचा आणि चहाच्या घोटाबरोबर सगळं एकदम गिळायचं. "एकदाचं उरकलं की विसरायला होत नाही," असं ती म्हणायची. शिस्तीत चूक काढायला जागा नव्हती. इतक्या वर्षांत तिने क्वचितच एखादा दिवस चुकवला असेल.

तरी तिचा टीएसएच खाली येत नव्हता. ५० मायक्रोग्रॅमची गोळी ७५ ची झाली, मग १०० ची, मग १२५ ची. हिमोग्लोबिन नऊच्या पुढे सरकेना. दोन जिने चढली की ती कठड्याला धरून उभी राहायची. निफाडच्या कडाक्यात सगळेच शेकोटीजवळ सरकतात, त्याचं काही नाही; पण भर एप्रिलमध्ये नाशिक तापलेलं असताना ताई पंखा बंद करायला सांगायची. दर वेळी गोळी वाढायची आणि दर वेळी आम्हाला वाटायचं, आता बरं वाटेल.

गोळी कमी पडत नव्हती. ती पोटात जात होती, पण रक्तात पोहोचत नव्हती. का पोहोचत नव्हती, याचं उत्तर थायरॉइडमध्ये नव्हतंच. ते आतड्यात होतं. ते कळायला फार वेळ गेला. तो वेळ दुसऱ्या कुणाचा जाऊ नये म्हणून हे सगळं टप्प्याटप्प्याने मांडते आहे. थायरॉइडच्या जोडीला दुसरा ऑटोइम्यून आजार असेल, तर सांभाळण्याचं बहुतेक मर्म दोन शब्दांत येतं: क्रम आणि अंतर. आधी काय आणि मग काय, हा क्रम. आणि दोन गोळ्यांमध्ये, दोन तपासण्यांमध्ये किती वेळ, हे अंतर.

रिपोर्टवरचा आकडा काय सांगतो

थायरॉइड म्हणजे अवटू ग्रंथी. गळ्याच्या पुढच्या बाजूला, कंठमण्याच्या खाली, फुलपाखरासारखी पसरलेली. वजन जेमतेम २० ग्रॅमच्या आसपास. ती मुख्यतः टी४ नावाचं संप्रेरक बनवते. शरीर त्यातून टी३ तयार करतं, आणि पेशींनी किती वेगाने काम करायचं हे टी३ ठरवतं. हृदयाचे ठोके, आतड्यांची हालचाल, अंगातली ऊब, पाळीचं चक्र, मनाची उभारी, सगळ्यांवर तिचा हात असतो.

टीएसएच मात्र थायरॉइडमध्ये तयार होत नाही. तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येतो. रक्तात टी४ कमी पडला की पियुषिका टीएसएच वाढवते, म्हणजे थायरॉइडला जोरात काम करायला सांगते. म्हणून ग्रंथी मंदावली की टीएसएच चढतो आणि ती जास्त धावू लागली की उतरतो. प्रौढांसाठी साधारण ०.४ ते ४ च्या आसपासची पातळी योग्य धरतात. प्रयोगशाळेगणिक थोडा फरक असतो, आणि वयानुसार, गरोदरपणात लक्ष्य बदलतं.

गोळीत असतं ते लेव्होथायरॉक्सिन, म्हणजे तोच टी४. रक्तातला टी४ निम्मा व्हायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे डोस बदलला की रक्तातली पातळी स्थिरावायला पाच-सहा आठवडे जातात. गोळी वाढवून पंधराव्या दिवशी टीएसएच करण्यात पैसे जातात आणि आकडाही फसवा येतो. सहा ते आठ आठवडे, हे पहिलं अंतर.

मुळात बिघडतं काय

१९१२ मध्ये हाकारू हाशिमोतो या जपानी डॉक्टरने चार स्त्रियांच्या काढलेल्या थायरॉइड ग्रंथी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. त्यांत पांढऱ्या पेशींची गर्दी झालेली होती. त्या तिथे का आल्या हे तेव्हा कुणाला सांगता आलं नाही. १९५६ मध्ये लंडनला रॉइट, डोनियाक आणि कॅम्पबेल यांनी दाखवलं, की अशा रुग्णांच्या रक्तात त्यांच्याच थायरॉइडविरुद्ध प्रतिपिंडं असतात. जंतूंशी लढायला बनलेली प्रतिकारशक्ती आपल्याच अवयवाला परकं समजते, हे तिथून मान्य होत गेलं. असे सगळे आजार ते ऑटोइम्यून. हाशिमोतोच्या आजारात ग्रंथी हळूहळू निकामी होते. ग्रेव्ह्जच्या आजारात उलटं घडतं. तिथली प्रतिपिंडं ग्रंथीला चिथावत राहतात आणि ती नको इतकं संप्रेरक बनवते.

आपल्या आज्यांच्या काळात गळ्याला गलगंड आला की कारण बहुतेकदा आयोडीनची कमतरता असायचं. हिमाचलातल्या कांगडा खोऱ्यात १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मिठाचा जो प्रयोग केला, त्यातून १९६२ मध्ये राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. आज घरोघरी आयोडीनचं मीठ आहे आणि तरी थायरॉइडचे रुग्ण आहेत. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत मुंबई आणि गोव्यासह देशातल्या आठ ठिकाणी पाच हजारांहून जास्त प्रौढ तपासले. त्यांत सुमारे ११ टक्के लोकांना मंद थायरॉइड होता आणि सुमारे २२ टक्के लोकांच्या रक्तात टीपीओ प्रतिपिंडं सापडली. टीपीओ म्हणजे थायरॉइडमधलं एक विकर. त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं असणं ही हाशिमोतोची नेहमीची खूण.

मग मीठ बदलायचं का? नाही. नेहमीचं आयोडीनचं मीठ नेहमीच्या प्रमाणात ठेवायचं. ते सोडून सैंधव धरल्याने प्रतिपिंडं जात नाहीत, आणि आयोडीनच्या किंवा समुद्री शेवाळाच्या जादा गोळ्या घेतल्या तर हाशिमोतो उलट बिघडू शकतो.

प्रतिकारशक्तीची ओळखण्यातली ही चूक ज्या शरीरात एकदा होते, तिथे ती दुसऱ्या ठिकाणीही होण्याची शक्यता वाढते. घराण्यातून आलेली जनुकं त्याला हातभार लावतात, आणि स्त्रियांत हे प्रमाण पुरुषांपेक्षा कितीतरी जास्त आहे. थायरॉइडच्या सोबतीला येणारे आजार ठरलेले आहेत: टाइप १ मधुमेह, गव्हाचा सिलिॲक आजार, जठराचा बी-१२ शोषू न देणारा आजार, आमवात, ल्युपस, अंगावरचं कोड, डोक्यावरची चाई, आणि क्वचित मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथींचा आजार. थायरॉइड असलेल्या प्रत्येकाला हे होतात असं मुळीच नाही. बहुतेकांना फक्त थायरॉइडच असतो. पण नीट गोळी घेऊनही गाडी रुळावर येत नसेल, तर या यादीकडे बघायचं.

गोळीचा प्रवास

लेव्होथायरॉक्सिनची मात्रा मिलिग्रॅममध्ये नाही, मायक्रोग्रॅममध्ये असते. इतकं कमी औषध असल्यामुळे त्यातलं थोडं वाया गेलं तरी टीएसएच हलतो. गोळी जठरातल्या आम्लात विरघळते आणि लहान आतड्यात शोषली जाते. म्हणून ती रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची, आणि नंतर अर्धा ते एक तास चहा, कॉफी, दूध, नाश्ता काही नाही. ज्यांना सकाळचा चहा लांबवणं जमतच नाही, त्यांनी डॉक्टरांना विचारून ती रात्री जेवणानंतर तीन तासांनी घ्यावी. नियम रिकाम्या पोटाचा आहे, सकाळचा नाही.

लोह आणि कॅल्शियम आतड्यात थायरॉक्सिनला चिकटतात आणि त्याला बाहेर नेतात. त्यांच्यात आणि थायरॉइडच्या गोळीत किमान चार तास हवेत. मल्टिव्हिटॅमिनमध्येही लोह-कॅल्शियम असतं, ते लक्षात येत नाही. ॲसिडिटीच्या रोजच्या कॅप्सूलची गोष्ट वेगळी. ती दिवसभर आम्ल कमी करते, त्यामुळे अंतर ठेवून उपयोग नाही; ती खरंच रोज हवी आहे का, हे विचारायचं, आणि हवी असेल तर टीएसएच बघून डोस ठरवायचा.

ताईच्या डबीतल्या चार गोळ्या म्हणजे हे सगळं एकाच कप्प्यात. लोहही वाया, थायरॉक्सिनही वाया. आणि हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण प्रत्येक गोळी वेगळ्या चिठ्ठीवर, वेगळ्या दवाखान्यातून आलेली होती.

आणखी तीन बारीक गोष्टी. केस गळतात म्हणून घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्या अनेक प्रयोगशाळांच्या पद्धतीत आकडे चुकवतात. टीएसएच उगाच कमी दिसतो. रक्त देण्याआधी किमान दोन दिवस त्या बंद ठेवाव्यात. आणि गोळीची बाटली गॅसजवळच्या फळीवर ठेवू नये. उष्णता, उजेड आणि दमट हवा तिला खराब करतात. कंपनी बदलली तर सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच एकदा बघून घ्यावा.

गव्हाच्या घरात

डबी सुधारली. थायरॉइडची गोळी पहाटे, लोह दुपारी, कॅल्शियम रात्री. दोन महिन्यांनी टीएसएच थोडा उतरला, पण जिथे यायला हवा तिथे आला नाही. तेव्हा एका डॉक्टरांनी ताईला वेगळाच प्रश्न विचारला: "पोट कसं असतं?" पोट फुगणं, मधूनच पातळ होणं, हे तिने इतकी वर्षं "माझं पोटच नाजूक" म्हणून बाजूला ठेवलेलं होतं. डॉक्टरांनी टीटीजी प्रतिपिंडांची रक्ततपासणी सांगितली, मग दुर्बिणीतून लहान आतड्याचा तुकडा घेऊन तपासला. सिलिॲक निघाला.

सिलिॲकमध्ये गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उठते. अस्तरावरचे बारीक केसाळ उंचवटे झिजून सपाट होतात, आणि शोषणाची जागाच कमी होते. लोह जातं, कॅल्शियम जातं, थायरॉक्सिनही जातं. गोळ्यांना न जुमानणारा ॲनिमिया आणि वाढतच जाणारा थायरॉइडचा डोस ही जोडी दिसली की ही तपासणी मागावी. एक काळजी घ्यायची: तपासणी होईपर्यंत गहू सोडायचा नाही. आधीच सोडला तर प्रतिपिंडं उतरतात, आतडं भरून यायला लागतं आणि निदान हुकतं. इथे क्रम महत्त्वाचा. आधी तपासणी, मग पथ्य.

पथ्य ऐकून ताई हबकली. पोळी म्हणजे जेवण, असं आपलं समीकरण. पण नाशिक जिल्ह्यात राहणाऱ्याला यात फार अडचण यायला नको. पेठ-सुरगाण्याकडची नागली, बाजरी, ज्वारी, इगतपुरीचा तांदूळ, उपासाची भगर, राजगिरा, साबुदाणा, यांपैकी कशातही ग्लुटेन नाही. फसवणारी ठिकाणं दुसरीच आहेत. खपली गहू हा गहूच. तो "जुना, पचायला हलका" म्हणून चालत नाही. रवा, मैदा, शेवया, लापशी, सातूचं पीठ सगळं बंद. मिसळीबरोबरचा पाव सोडणं सोपं, पण फरसाणात मैद्याचं काही आहे का ते विचारावं लागतं. डबीतला हिंग बहुतेकदा निव्वळ हिंग नसतो. त्यात गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, आणि ते डबीवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. फोडणीच्या चिमटीतून रोज गहू पोटात जात होता.

आणि गिरणी. कोपऱ्यावरच्या गिरणीत ताईच्या आधी कुणाचा तरी गव्हाचा डबा लागलेला असायचा. जात्याच्या दगडांत, नळकांड्यात, खालच्या कापडी पिशवीत गव्हाचं पीठ राहतं आणि पुढच्याच्या बाजरीत उतरतं. ताई दोन महिने काटेकोर राहिली, तरी टीटीजी उतरेना, तेव्हा हे लक्षात आलं. गिरणीवाल्या काकांनी मनापासून प्रयत्न केला, सकाळी पहिला डबा तिचा लावून पाहिला, पण आदल्या रात्रीचा गहू आत असायचाच. शेवटी भाऊजींनी घरगुती गिरणी आणली. तिच्यात गहू जायचा नाही, हा घराचा नियम. त्याच्या पुढची तपासणी चांगली आली.

काहीजण विचारतात, बाजरी आणि कोबी-फ्लॉवर थायरॉइडला वाईट ना? त्यांत थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारे घटक असतात हे खरं, पण आयोडीन पुरेसं मिळत असेल तर नेहमीच्या जेवणातल्या शिजवलेल्या प्रमाणात त्यांचं भय नाही. रोज फक्त बाजरीच खाण्यापेक्षा ज्वारी, नागली, तांदूळ आलटून पालटून ठेवले की झालं.

आतडं बरं व्हायला लागलं आणि एक नवीनच गोष्ट घडली. ताईला छातीत धडधड व्हायला लागली, हात थरथरायला लागले, झोप उडाली. जी १२५ ची गोळी अर्धी वाया जात होती, ती आता पूर्ण लागू पडत होती. टीएसएच खूपच खाली गेला होता. डोस पुन्हा उतरवावा लागला. जादा थायरॉक्सिनने हृदयाची लय बिघडू शकते आणि हाडं ठिसूळ होतात, विशेषतः पाळी गेलेल्या बायकांत. म्हणून ग्लुटेन बंद केल्यावर, ॲसिडिटीची कॅप्सूल थांबवल्यावर, लोहाची वेळ बदलल्यावर, म्हणजे शोषण सुधारेल असं काहीही केलं की सहा-आठ आठवड्यांनी टीएसएच करायचाच.

साखर आणि बी-१२

टाइप १ मधुमेहात स्वादुपिंडातल्या इन्शुलिन बनवणाऱ्या पेशींवर हल्ला होतो. या मुलांची आणि मोठ्यांची थायरॉइड तपासणी निदानानंतर साखर जरा ताळ्यावर आली की करतात, आणि पुढे दर वर्ष-दोन वर्षांनी. सिलिॲकचीही तपासणी करतात. थायरॉइड मंदावला की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं; काल पुरलेलं इन्शुलिन आज जास्त होतं आणि साखर अचानक उतरते. थायरॉइड वाढला की साखर चढते. विनाकारण साखर पडू लागली तर फक्त इन्शुलिनचं युनिट कमी करून थांबू नये. थायरॉइड, आतडं आणि अधिवृक्क, तिन्हींचा विचार डॉक्टरांना करायला सांगावा. तीन महिन्यांच्या साखरेचा एचबीए१सी हा आकडाही लोह कमी असताना किंवा थायरॉइड मंद असताना खऱ्यापेक्षा जास्त दिसू शकतो. म्हणून तो बोटावरच्या साखरेच्या नोंदींशी ताडून पाहावा.

बी-१२ कमी आला की आपण लगेच "शाकाहारी आहे ना" म्हणून मोकळे होतो. बहुतेकदा ते खरंही असतं. पण थायरॉइडच्या रुग्णात कधी जठराच्या अस्तरावरच हल्ला झालेला असतो. आम्ल बनत नाही आणि बी-१२ शोषायला लागणारा घटकही बनत नाही. मग दूध-दही वाढवून भागत नाही, इंजेक्शनं किंवा मोठ्या मात्रेच्या गोळ्या लागतात. आम्ल नसल्यामुळे लोहही नीट शोषलं जात नाही आणि थायरॉइडची गोळीही नीट विरघळत नाही. हातापायांना मुंग्या, चालताना तोल जाणं, विसरभोळेपणा ही लक्षणं वर्षानुवर्षं अंगावर काढली तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं.

सांधे, आणि आठवड्यातली एक गोळी

थायरॉइड मंद असला तरी अंग दुखतं, बोटं बधिर होतात. आमवाताची खूण वेगळी: सकाळी उठल्यावर हातांचे सांधे अर्धा-एक तास आखडलेले राहतात, सुजतात, आणि दोन्ही हातांना सारखंच होतं. तसं असेल तर थायरॉइडवर सगळं ढकलू नये. संधिवाताच्या तज्ज्ञांना लवकर दाखवलं तर सांधे वाचतात.

आमवातासाठी मेथोट्रेक्सेट दिलं असेल, तर ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. थायरॉइडची रोजची गोळी आणि ही आठवड्याची गोळी यांची अदलाबदल जिवावर बेतू शकते. वार ठरवायचा, तो कॅलेंडरवर लिहायचा आणि ही गोळी रोजच्या डबीत ठेवायचीच नाही. ग्रेव्ह्जसाठी कार्बिमॅझोल चालू असेल आणि ताप, घसादुखी झाली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि पांढऱ्या पेशींची तपासणी करायची. जोडीला मेथोट्रेक्सेट असेल तर याचं गांभीर्य आणखी वाढतं, कारण तेही या पेशी कमी करू शकतं.

जिथे क्रम चुकवायचा नाही

आता सर्वांत धोक्याची जागा. मूत्रपिंडांच्या माथ्यावर अधिवृक्क ग्रंथी असतात. त्या कॉर्टिसॉल बनवतात, आणि त्याच्याशिवाय शरीर आजारपणाचा ताण सोसू शकत नाही. थायरॉइड आणि अधिवृक्क या दोन्ही ग्रंथी एकाच रुग्णात निकामी होतात, हे श्मिट या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये नोंदवलं. हे क्वचित घडतं. आपल्याकडे अधिवृक्क ग्रंथी क्षयरोगानेही निकामी होतात.

अशा रुग्णाला आधी थायरॉक्सिन दिलं, तर शरीराचा वेग वाढतो आणि उरलंसुरलं कॉर्टिसॉल लवकर संपतं. रक्तदाब कोसळतो, माणूस बेशुद्ध होऊ शकतो. म्हणून नियम पक्का आहे: आधी स्टेरॉइड, मग थायरॉक्सिन. कॉर्टिसॉल कमी असताना टीएसएच थोडा वाढलेला दिसतो आणि स्टेरॉइड सुरू केल्यावर कधी कधी आपोआप उतरतो, हेही डॉक्टर ध्यानात ठेवतात.

संशय कधी घ्यायचा? मंद थायरॉइडमध्ये सहसा वजन वाढतं. इथे वजन उतरत असतं. उभं राहिल्यावर चक्कर, मळमळ, उलट्या, खारट खाण्याची ओढ, आणि तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळसर होणं. थायरॉइडची गोळी सुरू केल्यावर बरं वाटण्याऐवजी माणूस खचत चालला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. सकाळी आठच्या सुमारास कॉर्टिसॉलची रक्ततपासणी करून पहिला अंदाज येतो.

हाच धोका स्टेरॉइड अचानक थांबवल्याने निर्माण होतो. आमवात, ल्युपस किंवा दम्यासाठी महिनोन्‌महिने स्टेरॉइड घेतलेल्यांच्या अधिवृक्क ग्रंथी सुस्तावलेल्या असतात. सांधेदुखीवरच्या, नाव-गाव नसलेल्या पुड्यांमध्येही स्टेरॉइड मिसळलेलं सापडलं आहे. पुडीने चार दिवसांत जादूसारखा आराम पडला असेल, तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा, लपवू नका आणि मनाने एकदम बंदही करू नका. अश्वगंधेचं चूर्णही थायरॉइडचे आकडे हलवू शकतं, तेही सांगा.

कातडीवरचे डाग, पोटातलं बाळ

कोडाचे पांढरे डाग अंगाला इजा करत नाहीत, संसर्गानेही पसरत नाहीत. तरी आपल्या समाजात सगळ्यांत जास्त दुखवतात ते तेच. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००६ मध्ये 'नितळ' हा चित्रपट याच विषयावर केला. पुण्यात डॉ. माया तुळपुळे यांनी उभी केलेली 'श्वेता' ही संस्था कोड असलेल्यांना एकत्र आणते. कोड असलेल्या माणसाने अधूनमधून टीएसएच तपासावा. थायरॉइड सुधारल्याने डाग जातील अशी आशा मात्र कुणी दाखवू नये.

गरोदरपणात आईच्या थायरॉक्सिनवर बाळाच्या मेंदूची सुरुवातीची वाढ अवलंबून असते. गोळी चालू असलेल्या बाईला दिवस राहिल्याचं कळताच सहसा डोस चौथाईने किंवा त्याहून थोडा जास्त वाढवावा लागतो. म्हणून पुढच्या महिन्याची वाट न पाहता त्याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करावा. गरोदरपणाच्या पूर्वार्धात दर चार आठवड्यांनी टीएसएच बघतात. मेथोट्रेक्सेट बाळाला घातक आहे आणि कार्बिमॅझोलमुळे सुरुवातीच्या आठवड्यांत व्यंगाचा धोका असतो. त्यामुळे मूल हवं असा विचार सुरू झाला की आधीच औषधं बदलून घ्यायची. बाळंतपणानंतरच्या वर्षात थायरॉइड पुन्हा डोकं वर काढू शकतो. नुसतं "बाळंतीण आहे, थकणारच" म्हणून तिच्या थकव्याकडे दुर्लक्ष करू नये.

थकवा कुणाचा?

ताईचा सगळ्यांत जुना प्रश्न हाच होता. थकवा थायरॉइडचा, की लोहाचा, बी-१२ चा, साखरेचा, सुजेचा, की झोपेचा? एकाच थकव्याला अनेक धनी असतात. थायरॉइड बरोबर असताना थकवा आहे म्हणून थायरॉइडची गोळी वाढवणं ही सर्रास होणारी चूक. टीएसएच जागेवर असेल तर पुढच्या दाराकडे जायचं: हिमोग्लोबिन आणि फेरिटिन, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, सुजेचे आकडे. टीपीओ मात्र पुन्हा पुन्हा मोजण्यात अर्थ नाही. एकदा वाढलेली सापडली की निदान झालं. तिच्या आकड्यावर गोळी ठरत नाही.

अनेक आजार असले की डॉक्टरही अनेक होतात. प्रत्येकाकडे चित्राचा एकेक तुकडा असतो आणि पूर्ण चित्र फक्त रुग्णाकडे. म्हणून आम्ही एक शंभरपानी वही केली. डावीकडे तारीख, टीएसएच, हिमोग्लोबिन, वजन, रक्तदाब. उजवीकडे त्या दिवशी काय बदललं: गोळी, कंपनी, वेळ, पथ्य. पहिल्या पानावर चालू औषधांची यादी. दवाखाना कुठलाही असो, त्र्यंबक रस्त्यावरचं जिल्हा रुग्णालय, आडगावचं वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय किंवा गल्लीतले फॅमिली डॉक्टर, टेबलावर आधी वही उघडायची. थायरॉक्सिन आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत आहे आणि स्वस्त आहे. महाग पडतात त्या चुकीच्या वेळी केलेल्या तपासण्या आणि वाया गेलेली वर्षं.

ताईचा दिवस आता असा जातो. पहाटे पावणेसहाला पाण्याबरोबर थायरॉइडची गोळी, मग गल्लीत चालून येणं. पावणेसातला चहा. दुपारच्या जेवणानंतर लोह, लिंबूपाण्याबरोबर. त्या वेळी चहा नाही. रात्री जेवणानंतर कॅल्शियम. ॲसिडिटीची कॅप्सूल डॉक्टरांनी बंद केली. रक्त द्यायचं असेल त्या दिवशी गोळी रक्त दिल्यावर घेते. उपासालाही गोळी चुकत नाही. पाण्याने उपास मोडत नाही, हे तिने आईला पटवलं आहे. हिमोग्लोबिन बाराच्या वर आहे, आणि डोस पुन्हा १०० वर स्थिरावला आहे.

सिलिॲक निघाला की आई-वडील, भावंडं आणि मुलं यांचीही तपासणी करावी, असं डॉक्टर सांगतात. माझी टीटीजी नॉर्मल आली. टीपीओ वाढलेली निघाली. टीएसएच ठीक आहे, त्यामुळे मला आज औषध नाही; वर्षातून एकदा टीएसएच, एवढंच. रिपोर्ट घेऊन मी ताईकडे गेले, तेव्हा ती घरगुती गिरणीतून नागलीचं पीठ काढत होती. हात पुसून तिने रिपोर्ट वाचला, आत गेली आणि एक कोरी वही घेऊन आली. पहिल्या पानावर तारीख घातली, आकडा लिहिला आणि वही माझ्या हातात दिली. "पुढच्या वर्षी याच महिन्यात," ती म्हणाली. "मला लागली तेवढी वर्षं तुला लागायला नकोत."